मार सेल्फ!

नानांचं खरं आडनाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आहे आणि ते वाचायची वेळ वर्षातून एकदा, तीही फक्त ऑडिटरवर येते. बाकी सगळ्यांना ते नाना सेल्फमारे म्हणून ठाऊक. बारसं बी विंगमधल्या पोरांनी केलं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या कंपाउंडात एखादी गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली नाही, की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हाक येते, "मार सेल्फ!" तुम्ही मारता. गाडी खीं-खीं करून गप्प बसते. "परत मार!" तुम्ही परत मारता. "आता थांब. बॅटरी उतरवशील. आलो मी." आणि नाना येतात.

लेंगा पट्ट्यापट्ट्यांचा, वर बाह्यांचा बनियन, खांद्यावर गाडी पुसायचं पिवळं फडकं आणि कानावर अडकवलेला टेस्टर. तो टेस्टर घरातल्या प्लगच्या बटणांसाठीचा, गाडीत त्याचा काडीचा उपयोग नाही. पण रिकाम्या हातांचा माणूस सल्ला देतो आणि हत्यार घेऊन आलेला माणूस निदान करतो, हे नानांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे गॅलरीतून हाक मारल्यावर खाली यायला त्यांना जो वेळ लागतो, तो गुडघ्यांमुळे लागत नाही, टेस्टर शोधण्यात जातो.

असा एक नाना घाटकोपरच्या पंतनगरात असतो, अंधेरीच्या डी. एन. नगरात असतो, बोरिवलीच्या बाभईत तर गल्लीगणिक एक सापडावा. जिथे पार्किंगच्या जागा कमी आणि गाड्यांची वयं जास्त, तिथे नाना उगवतोच. नव्या टॉवरमध्ये तो दिसत नाही. तिथे गाड्या नव्या असतात, आणि बंद पडली तर मालक खाली येत नाही, फोन लावतो. नानाला लागते ती पंधरा वर्षं उलटून गेलेली, वडाळ्याच्या आरटीओत जाऊन पुन्हा पाच वर्षांचं आयुष्य मागून आणलेली गाडी. आणि ती विकवत नाही व चालवतही नाही असा मालक.

बॉनेट उघडण्याआधी नाना गाडीची नाडी बघतात. म्हणजे मालकाची उलटतपासणी घेतात.

"कधीपासून?"

"आजच."

"आजच असं कधी नसतं. गेल्या आठवड्यात सिग्नलला थरथरत होती का?"

"थोडीशी."

"बघा! गार असताना त्रास देते की तापल्यावर?"

इथे माणूस अडखळतो, पण प्रश्न बिनतोड असतो. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सकाळी चोक ओढून हवा कमी करायची आणि मिश्रण घट्ट करायचं. तापलेल्या इंजिनाचं दुखणं उलटं. मे महिन्यात टोलनाक्याच्या रांगेत जुनी गाडी बंद पडली, तर पेट्रोल गाडीतल्या पंपापर्यंत पोचण्याआधीच नळीत त्याची वाफ होते, पंप नुसती वाफ चावत बसतो. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि उसाचा रस प्यायला जायचं. रस संपेपर्यंत गाडी चालू होते. हा इलाज अर्ध्या मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी केलेला आहे. रस सोडून बाकी सगळा शास्त्रीय आहे.

"शेवटचं पेट्रोल कुठे भरलंत?"

"नेहमीच्याच पंपावर."

"हं. घरी पाहुणे आले होते का?"

या प्रश्नावर नवखा माणूस बिचकतो. गाडी चालू होत नाही त्याचा पाहुण्यांशी काय संबंध? आहे. पाहुण्यांची पोरं मागच्या सीटवर खेळतात, छताचा दिवा लावतात, मामाने आइसक्रीम आणलं की तसाच टाकून पळतात. दिवा रात्रभर जळतो आणि सकाळी बॅटरी झोपते. "निम्म्या बंद गाड्या," नाना म्हणतात, "नातेवाइकांमुळे बंद असतात."

त्यांचा सिद्धांत तीन शब्दांत मावतो: करंट, पेट्रोल, हवा. "ही तीन मंडळी वेळेवर जमली, की गाडीच्या बापाला चालू व्हावं लागतं." सेल्फच्या आवाजावर तर त्यांचा विशेष अभ्यास आहे. किल्ली फिरवल्यावर भराभर टक-टक-टक आलं, तर बॅटरी बसलीय किंवा टर्मिनलवर पांढरं साचलंय. गरम पाणी ओता, कोरडं पुसा, व्हॅसलिन लावा. एकच जाड 'टॉक' येऊन शांतता झाली, तर सेल्फ अडकलाय. हातोडीच्या दांड्याने हळूच ठोका. सेल्फ झोकात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला बोल लावू नका, आता करंट तरी नाही किंवा पेट्रोल तरी नाही. हे सगळं बरोबर आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट विकणाऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल, फक्त कमी वेळात.

करंट आहे की नाही हे बघायची नानांची रीत मात्र वॉचमनला मान्य नाही. प्लग खोलायचा, वायरीला परत लावायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि सेल्फ मारायचा. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी टक्-टक् उडाली तर कॉइल ठीक, पिवळट आणि मरतुकडी उडाली तर करंट कमजोर. प्रयोग साधा आहे, पण वायर कुणीतरी धरावी लागते. नाना निरीक्षक असल्यामुळे त्यांना धरता येत नाही. मालक किल्लीवर. उरला वॉचमन.

"कुछ नहीं होता," नाना धीर देतात. "रबर का है."

रबर पंचवीस वर्षांपूर्वीचं असतं. वॉचमनचा हात खांद्यापासून उडतो आणि नाना समाधानाने मान डोलावतात. "करंट आहे!"

प्लग बाहेर आलाच आहे म्हटल्यावर त्याचं वाचन होतं. नाना तो उन्हात धरतात, फुंकतात, चष्मा कपाळावर चढवतात. टोक विटकरी-तपकिरी असेल तर प्रकृती उत्तम. काळं कोरडं काजळ असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, चोक अडकलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढुरकं पडलं असेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि काळं पण ओलं, तेलकट असेल तर नाना प्लग मालकाच्या हातात ठेवतात आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. तेल वर येतंय, रिंगा गेल्या, आता इंजिन खोलावं लागणार. ही बातमी नाना हलक्या आवाजात देतात, पण ती देताना त्यांचे डोळे चमकतात. इंजिन खोलायचं म्हणजे चार रविवार.

त्यांची खरी लाडकी परीक्षा पुढे आहे. गाडी चालू होते, पण एका जागी उभी असताना थरथरते, स्टिअरिंग नाचतं, सायलेन्सर फट्-फट् करतो, मेकॅनिकच्या भाषेत 'मिसिंग मारते', तेव्हा कुठला तरी एक सिलिंडर काम करत नसतो. तो शोधायचा कसा? इंजिन चालू ठेवून, रबर चढवलेल्या पकडीने प्लगची एकेक वायर काढायची. पहिली काढली, इंजिन आणखी थरथरलं. म्हणजे पहिला सिलिंडर कामाचा आहे, वायर परत लावा. दुसरी काढली, आणखी थरथरलं, तोही कामाचा. तिसरी काढली आणि काहीच फरक पडला नाही. चोर सापडला! ज्याला काढल्याने काही बिघडत नाही, तो आधीपासूनच काही करत नव्हता.

नानांनी ही परीक्षा इंजिनापुरती ठेवली असती, तर सोसायटीत शांतता नांदली असती. पण चेअरमन सहा महिने मुलीकडे न्यू जर्सीला गेले. त्या काळात पाणी वेळेवर आलं, लिफ्ट दुरुस्त झाली, गच्चीची गळतीसुद्धा थांबली. वार्षिक सभेत नाना उभे राहिले. "चेअरमनसाहेबांची वायर सहा महिने काढलेली होती," ते म्हणाले, "आणि सोसायटीचं आयडलिंग एका फेऱ्यानेही पडलं नाही. सभासदांनी काय ते समजून घ्यावं." मागच्या रांगेत टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, 'वाहनांच्या देखभालीविषयी चर्चा झाली.' पुढच्या वर्षी खजिनदार पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर जाणार होते, ते नानांच्या धास्तीने आठव्या दिवशी टाके सांभाळत हिशेब लिहायला बसले.

एवढं ज्ञान आलं कुठून, या प्रश्नाला नाना एका वाक्यात उत्तर देतात. "प्रीमियरमध्ये होतो." पुढे विचारायची सोय राहत नाही. कुर्ल्याला लालबहादूर शास्त्री मार्गालगत प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली. पुढे फियाट इथे बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, पुढे सलग बाकडं. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. मुलगा बालवाडीत असताना बुकिंग करावं आणि गाडी दारात यावी तेव्हा त्यानेच ती चालवावी, असा मामला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि रांगा तिकडे वळल्या. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव मागे राहिलं, आणि मुलुंडला नाना राहिले.

प्रीमियरमध्ये नाना कुठल्या खात्यात होते, हे फार उशिरा उघड झालं. एका लग्नात त्यांचा जुना सहकारी भेटला आणि त्याने सगळ्यांदेखत मिठी मारून विचारलं, "काय नाना, टाइम ऑफिस विसरलात का?" नाना कामगारांच्या हजेरीची कार्डं तपासत होते. तीस वर्षं. इंजिन त्यांनी पाहिलं ते बाहेरून, तयार गाडी गेटातून जाताना. ही बातमी लग्नाच्या पंगतीतून सोसायटीत पोचायला एक रात्र पुरली. दुसऱ्या दिवशी नाना खाली आले तेव्हा पोरं दबा धरून बसली होती. एकाने विचारलंच, "नाना, टाइम ऑफिसात होतात म्हणे?"

"मग?" नाना म्हणाले. "इंजिनात सगळं टायमिंगचंच तर काम असतं."

आणि खरोखरच डिस्ट्रिब्युटरच्या टायमिंगवर ते अर्धा तास बोलले. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी पडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर गाडीला ताकद नाही आणि इंजिन तापतं. "आठ म्हणजे आठ," नाना म्हणाले. "आठ वाजून पाच मिनिटांनी आलेल्या कामगाराचा आणि उशिरा पडलेल्या ठिणगीचा उपयोग सारखाच." त्यांना या वाक्यापुढे कुणी अडवू शकलं नाही.

नानांची स्वतःची पद्मिनी आहे. क्रीम रंगाची. जिन्याखालच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी. रोज सकाळी नाना कव्हर काढतात, चोक ओढतात, चालू करतात आणि कार्बोरेटरचा स्लो स्क्रू अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे करत बसतात. टॅपेटच्या झाकणावर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं राहिलं पाहिजे, ही त्यांची अट. ते राहतं. मग नाना इंजिन बंद करून कव्हर घालतात. गाडी चालवत मात्र नाहीत. दादरला जायचं असलं तरी लोकल. "रस्त्यावर काढली की सेटिंग जातं," हे कारण. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. त्या दिवशी सगळ्या पेपरांत फोटो होते आणि लोक हळहळत होते. नानांनी फोटो भिंगातून पाहिला. "बॉनेट नीट बसलेलं नाही," एवढंच बोलले आणि पान उलटलं.

नानी या सगळ्याकडे पहिल्या मजल्यावरून पाहतात. त्यांची तक्रार मोजकी आहे. "घरातला गिझर दिवाळीपासून बंद आहे. त्याला सेल्फ नाही ना, म्हणून."

आता कुणी म्हणेल, मग लोक नानांचं ऐकतात कशाला? त्याला कारण २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उपनगरं पाण्याखाली गेली. आमच्या कंपाउंडातही गाड्यांच्या दारांपर्यंत पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी ओसरल्यावर सगळे किल्ल्या घेऊन धावले. तेव्हा गॅलरीतून नानांची आरोळी आली, "सेल्फ मारू नका!" लोकांना वाटलं, नानांना काहीतरी झालं. काहींनी डॉक्टरला बोलवायची भाषा केली. पण नानांचं म्हणणं अगदी रास्त होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्यांचे प्लग खोलून पाणी काढलं, तेल बदललं, डिस्ट्रिब्युटरचं टोपण उन्हात वाळवलं आणि गाड्या चालू झाल्या. ज्यांनी ऐकलं नाही, त्यांनी इंजिनं खोलली. त्या एका निदानाची मुदत ठेव करून नाना आजवर त्याच्या व्याजावर जगत आहेत.

व्याज कमी पडू लागलं, तेव्हा इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केटं त्यासाठी बनवलेली नव्हती. "पूर्वी पंपवाला चोरून भेसळ करायचा," नाना सांगतात, "आता गाडीला उघड उघड ऊस पाजतात." कोल्हापूरकडचे एक सभासद यावर नाराज झाले, पण तिथून पुढे सोसायटीतल्या प्रत्येक आजाराला नानांनी ऊस लावला. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तेव्हासुद्धा ते म्हणाले, "गोड वासाला येतात." उंदीर वास्तविक पावसाळ्यात कोरड्या, ऊबदार जागेला येतात आणि बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवून ते कमी होतात की नाही यावर सोसायटीत दोन तट आहेत. नाना तंबाखूच्या तटात आहेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांची पांढरी मारुती ८०० हा नानांचा मुख्य पेशंट. कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडरची. तिघांतला एक जरी रुसला तरी गाडीच्या अंगावर काटा येतो. गेल्या पावसाळ्याआधी ती ऐरोलीच्या सिग्नलला बंद पडू लागली. रविवारी बॉनेट उघडलं आणि पाच जण जमले: नाना, मास्तर, दुसऱ्या मजल्यावरचे शेठ, बी विंगमधला इंजिनिअर मुलगा, जो सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हात मागे बांधून उभा असलेला वॉचमन.

नानांनी आधी नियम सांगितला. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही." नियम उत्तम आहे. मग प्लग बदलले, एअर फिल्टर झटकला, वायरी बदलल्या आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, सगळं एका चहात. गाडी अजून थरथरत होती.

"पेट्रोलमध्ये कचरा," शेठ म्हणाले.

"सेन्सर," मुलगा म्हणाला. कार्बोरेटरच्या गाडीत सेन्सर कुठला, असं त्याला कुणी विचारलं नाही. तो रोज बेलापूरला ऑफिसला जातो, याचा मान असतो.

"मला वाटतं, तिचं वय झालं," मास्तर म्हणाले. हे ते स्वतःबद्दल बोलत होते की गाडीबद्दल, ते कळलं नाही.

नाना करंटवर ठाम होते. मग पेट्रोलवर ठाम झाले. पाच जण एकदम बोलत होते, इंजिन फट्-फट् करत होतं, आणि वरून नानींचा आवाज आला.

"अहो, तो सूं आवाज कुठून येतोय?"

"कुठला सूं?"

"तुम्ही सगळे गप्प बसलात तर ऐकू येईल."

सगळे गप्प बसले. सोसायटीच्या इतिहासात उघड्या बॉनेटपुढे असं घडलेलं नव्हतं. खरंच, फट्-फटीच्या मागून बारीक, सलग सूं-सूं ऐकू येत होतं. नानांनी वाकून कान लावला. इनटेक मॅनिफोल्डला जाणारा करंगळीएवढा रबरी पाइप टोकाशी चिरला होता आणि त्या फटीतून इंजिन फुकटची हवा ओढत होतं. कार्बोरेटरला या हवेचा हिशेब नाही. मिश्रण पातळ होतं, स्पीडमध्ये कळत नाही, पण स्लोवर गाडी थरथरते. नानांनी फटीवर अंगठा दाबला. थरथर थांबली. अंगठा काढला, सुरू. दाबला, थांबली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पानाच्या पैशात येणारा पाइप होता.

नाना सरळ उभे राहिले, अंगठा फडक्याला पुसला आणि सगळ्यांकडे पाहिलं. "मी सुरुवातीलाच काय म्हटलं होतं? करंट, पेट्रोल, *हवा*."

तिन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवल्या, की माणूस चुकत नाही. वर गॅलरीत नानी कपडे वाळत घालत होत्या, त्यांनी चिमटा जरा जोरात लावला.

नानांची खरी पंचाईत मुलुंड चेकनाक्याजवळच्या गॅरेजमधल्या पोराने केली. तो स्टिअरिंगखाली एक डबी खोचतो, मोबाइल बघतो आणि सांगतो, "पी झीरो तीनशे एक." म्हणजे पहिला सिलिंडर मिस होतोय. बॉनेट बंदच. पहिल्या वेळी नाना या अपमानाने दोन दिवस खाली आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते मुद्दा घेऊन. "पहिला सिलिंडर मिस होतोय हे मशीन सांगतं. पण का? प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर तुंबला की कॉम्प्रेशन गेलं? सांगतं का तुझी डबी?" सांगत नाही, हे खरं आहे. पोराने वाद घातला नाही. त्याने पहिल्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर लावली, दुसऱ्याची पहिल्यावर. गाडी चालू केली. आता मोबाइलवर तीनशे दोन आलं. दुखणं कॉइलच्या मागे मागे गेलं होतं, म्हणजे कॉइलच दोषी. नाना बराच वेळ बघत राहिले. "घराणं आपलंच आहे," ते म्हणाले आणि पोराला चहा पाजला.

यंदा गणपतीला नाना चिपळूणजवळच्या गावी गेले. पद्मिनीने नव्हे, एसटीने. ते गेले आणि तिसऱ्याच दिवशी मास्तरांची ८०० पुन्हा रुसली. गॅलरीतून हाक आली नाही. मास्तरांनी दोनदा किल्ली फिरवली, वर पाहिलं, आणि गॅरेजला फोन केला. पोरगा आला, त्याने काहीतरी उघडलं, काहीतरी फुंकलं, काहीतरी घट्ट केलं. गाडी चालू झाली. पैसे घेऊन तो गेला. कुणी खाली आलं नाही, चहा झाला नाही, वॉचमनला झटका बसला नाही, शेठना कचरा दिसला नाही. नानांच्याच परीक्षेने पाहिलं, तर वायर काढली होती आणि आयडलिंग जराही पडलं नव्हतं. चेअरमनसाहेबांनी हे लगेच हेरलं. त्यांनी ते वाक्य पुढच्या वार्षिक सभेसाठी वहीत लिहूनही ठेवलं, असं कळतं.

गावाहून परतल्यावर नाना पिशव्या वर न नेताच मास्तरांच्या गाडीशी थांबले. वॉचमनने बातमी फाटकावरच दिलेली होती.

"मास्तर, गाडी बंद पडली होती म्हणे?"

"पडली होती. पण चालू झाली लगेच."

"काय निघालं?"

मास्तरांनी आठवायचा प्रयत्न केला. "ते काही त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. चालू झाली ना."

नानांनी पिशव्या खाली ठेवल्या. बाप्पाच्या प्रसादाचा डबा वॉचमनच्या हातात दिला, खांद्यावरचं उपरणं फडक्यासारखं दुमडलं आणि बॉनेटवर बोटांनी दोनदा टकटक केलं.

"काय निघालं ते माहीत नाही," ते म्हणाले, "म्हणजे काहीच निघालेलं नाही. अजून आतच आहे. उघडा."